दुवा नेमका कोठे तुटला?



मंडळाची पन्नास वर्षांची इतिवृत्ते व छायाचित्रे आज दूरच्या सर्व्हरवर आहेत. मध्यंतरी ती एकाएकी दिसेनाशी झाली, तेव्हा आम्हां सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले. अशा वेळी गोंधळून न जाता क्रमाने तपास करावा, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

प्रथम दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून घरची जोडणी चालू आहे ना, ते पाहावे. नंतर नावावरून सर्व्हरचा पत्ता मिळतो का, ते तपासावे. नावांवरून अंकी पत्ते शोधून देणारी डीएनएस व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली रचली. तीच अडली तर सर्व्हर धडधाकट असूनही भेटत नाही. पुढे 'पिंग' करावे. परंतु उत्तर आले नाही म्हणून सर्व्हर बंदच आहे असे मानू नये, कारण कित्येक ठिकाणी ते उत्तर मुद्दाम रोखलेले असते. '४०४' म्हणजे सर्व्हर भेटला, पण पान सापडले नाही; '५०४' म्हणजे मधल्या सर्व्हरला पुढच्याकडून वेळेत उत्तर मिळाले नाही.

आमचे घोडे दुसऱ्याच पायरीवर अडले होते. नावाच्या नोंदणीची मुदत संपली होती आणि नूतनीकरणाच्या सूचना माजी चिटणिसांच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात होत्या. संग्रह सुखरूप होता. चूक आमची होती. आता नोंदणी दोघांच्या देखरेखीखाली असून संग्रहाची एक प्रत मंडळाच्या कपाटातही आहे. आपापल्या घरच्या छायाचित्रांचीही अशीच काळजी घ्यावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.