मजुरी मरते निविदेच्या पेटीत

(मालवण येथील शिबिरात कापूस-ज्वारीच्या भागातून आलेल्या शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



सकाळी तुमच्यापैकी बरेच जण समुद्र पाहायला गेलात. मी वाटेतच थांबलो. रस्त्याचे काम चालले होते आणि खडी टाकणाऱ्यांत एकाची बोली ओळखीची वाटली. विचारले, तर गडी आपल्याच कापसाच्या मुलखातला. चार एकर कोरडवाहू. पराटी उपटून झाली आणि मुकादमाबरोबर इकडे आला. "रोज किती पडतो?" म्हटले, तर म्हणाला, "मुकादमाला ठाऊक. उचल फिटली म्हणजे कळेल."

काम सरकारचे, पैसा जनतेचा, आणि राबणाऱ्याला स्वतःचा दर ठाऊक नाही!

हे होते कसे? बांधकाम खाते अंदाजपत्रक करते. त्यात सिमेंट, खडी यांच्यासारखीच मजुरीही दरसूचीप्रमाणे धरलेली असते. मग निविदा निघते आणि सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला काम मिळते. शंभराचे काम ऐंशीत करतो म्हणणारा वीस रुपये कुठून काढणार? सिमेंटचा भाव त्याच्या हातात नाही, डिझेलचा नाही. हातात दोनच गोष्टी : कामाचा दर्जा आणि मजुराचे पोट. मजुरी कापतो मुकादम. पण ती मरते निविदेच्या पेटीत.

अमेरिकेत हाच प्रश्न आला. न्यूयॉर्क राज्यात सरकारी इस्पितळ बांधायला अलाबामाचा ठेकेदार स्वस्त मजूर घेऊन आला. त्यातून १९३१ साली डेव्हिस-बेकन कायदा झाला. सरकारी बांधकामावर त्या भागात जो दर चालू असेल, त्याखाली मजुरी देता येणार नाही. या कायद्यामागे बाहेरच्या, विशेषतः काळ्या, मजुरांना दूर ठेवण्याचा हेतू होता, अशीही टीका होते. तो हेतू आपल्याला नको, कारण इथे बाहेरचा मजूर आपलाच भाऊ आहे. तत्त्व मात्र घ्यावे.

आपल्याकडे १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळांची बांधकामे चालू होती. किमान वेतन होते रोजचे सव्वानऊ रुपये. जमादार एक रुपया कापून घेई, मजुराच्या हाती सव्वाआठ. सुप्रीम कोर्टाने सांगितले, किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणे ही वेठबिगारीच आहे. सरकार ठेकेदाराकडे बोट दाखवून सुटू शकत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराने बुडवलेली मजुरी मूळ मालकाने द्यायची, अशी तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या. हे तत्त्व त्यांतही आहे.

आता तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, "सरकारी कामाचा दर चढला, तर माझ्या निंदणीला माणूस कुठून आणू?" शंका खोटी नाही. उत्तर दिलेच पाहिजे.

पहिली गोष्ट. १९८८ साली रोजगार हमीची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. पुढे काय झाले? कामेच आखडली. म्हणजे दर कागदावर वाढवून भागत नाही. कामही हवे आणि दर हातात पडायलाही हवा.

दुसरी गोष्ट. मी शेतकी कॉलेजात शिकलो. एकरी नत्र किती हे तिथे शिकवले, घामाचा हिशेब बाहेर येऊन शिकलो. कापूस-ज्वारीचा उत्पादन खर्च काढताना तुमच्या घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मजुरीच्या दरानेच धरतात. मजूर स्वस्त, तर तुमची बायकोही स्वस्त, तुम्हीही स्वस्त! निंदणीची मजुरी परवडत नाही, कारण मालाला भाव नाही. मजुराचा रोज पाडून हा तोटा कधी भरून निघाला आहे का?

तेव्हा मागण्या तीन. प्रत्येक सरकारी कामावर मजुरीच्या दराची पाटी मराठीत लावा. मजुराच्या भाषेतही लावा. निविदेत मजुरीची रक्कम वेगळी दाखवा. कमी बोली लावायची ती आपल्या नफ्यातून लावा. आणि सर्वांची मजुरी चुकती झाल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल काढू नका.

गावी गेलात की एवढे करा. कोण कोण मुकादमाबरोबर बाहेर गेले, किती उचल घेऊन, कुठल्या कामावर, याची यादी करा. ती पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या. भाषण मी पुष्कळ करीन. पण साहेबाच्या टेबलावर ठेवायला ती यादीच लागेल.