शेकडा पाच म्हणजे किती?

श्रोतेहो, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिन्यात तेंदूपत्त्याचा पैसा हाती येतो. पण अनेक घरांत तो गेल्या पावसाळ्यातल्या रोवणीच्या कर्जापायी सावकाराकडे वळतो. ‘शेकडा पाच’ ऐकायला हलके वाटते. पण तो दर महिन्याचा. वर्षाला साठ टक्के! दहा हजारांवर सहा हजार नुसते व्याज. बचत गटातही व्याज असतेच, पण ते गटाकडेच राहते.

सावकारीच्या २०१४ च्या कायद्यानुसार चक्रवाढ व्याज लावता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. पण हिशेब तोंडी असेल तर हे सिद्ध कसे करणार? म्हणून प्रत्येक हप्त्याची पावती मागा. विनापरवाना सावकाराची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते.