कललेली बस आणि साबणाचं पाणी

रात्री सरळ उभी केलेली एअर सस्पेन्शनची बस सकाळी एका बाजूला कललेली दिसली, की संशय थेट रबरी बलूनवर जातो. तो महागडा भाग बदलण्याआधी साबणाचं पाणी वापरून बघावं. हवा पूर्ण भरून इंजिन बंद करा, चेसिसखाली भक्कम ठोकळे द्या (हवेच्या भरवशावर गाडीखाली शिरणं जिवावर बेतू शकतं), मग नळ्यांचे जोड, लेव्हलिंग व्हॉल्व्ह आणि बलूनची खालची घडी यांवर फेस लावा. मंद गळतीचे बुडबुडे सावकाश वाढतात, तेव्हा घाई नको. जोड गळत असेल तर नळीचं टोक सरळ कापून पुन्हा बसवता येतं. रबर चिरलं असेल तर मात्र बलूनच बदलावा. कॉम्प्रेसर हवा भरून काढतोच की, असं कुणी म्हणेल. पण जास्त चालून तो तापतो, तेल आणि ओलावा व्हॉल्व्हपर्यंत पोचतो. शिवाय खंबाटकी घाट उतरणाऱ्या बसच्या ब्रेकलाही हवा त्याच कॉम्प्रेसरची लागते.