काइन हाबेलास काय म्हणाला?



पेशवे दफ्तरातील रुमाल ज्यांनी सोडून पाहिले आहेत त्यांना हा अनुभव नवा नाही, की एखाद्या मामलेदाराचे उत्तर हाती लागते, पण ज्या पत्रास ते उत्तर होय ते पत्र वाळवीने केव्हाच फस्त केलेले असते, आणि मग उत्तरातील एकेका शब्दाच्या रोखावरून मूळ विचारणा काय झाली असावी हे ताडावे लागते. यहुदी भाष्यकारांनी तोराहच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या, बाबतीत शतकानुशतके हेच काम चालविले आहे; भेद एवढाच, की दफ्तरातला कागद गहाळ झाला असे संशोधक मानतो, आणि येथली जागा जाणूनबुजून कोरी ठेवली आहे असे भाष्यकार मानतो.

यांपैकी पहिल्या ग्रंथाच्या, उत्पत्तीच्या, चौथ्या अध्यायातील आठवे वचन घ्या. काइन आपल्या भावाला, हाबेलला, म्हणाला, एवढे सांगून हिब्रू मजकूर थांबतो. काय म्हणाला ते नाही, आणि लगेच दोघे शेतात आहेत व काइनाचा हात भावावर पडला आहे. जुन्या ग्रीक तर्जुम्याने शेतात जाऊ या अशा अर्थाचे शब्द घालून ही खाच बुजवून टाकली. ‘बेरेशीत रब्बा’ या प्राचीन मिद्राशाला, म्हणजे वचनांतील शब्दाशब्दाचा उलगडा करणाऱ्या भाष्यसंग्रहाला, मात्र एवढ्याने समाधान नाही. त्याचा पहिला पक्ष असा, की दोघा भावांनी जगाची वाटणी करून घेतली, एकाने स्थावर घेतले, दुसऱ्याने जंगम. मग जंगमाचा धनी म्हणू लागला की तुझ्या अंगावरचे वस्त्र माझे आहे, ते उतरव, आणि स्थावराचा धनी म्हणाला की तू उभा आहेस ती भूमी माझी आहे, तेव्हा तू हवेत उड. हा कज्जा विकोपास जाऊन खून झाला. (भाऊबंदकीचे दावे ज्यांनी दिवाणी कोर्टात पाहिले आहेत त्यांना यात अतिशयोक्ती फारशी वाटणार नाही.) दुसऱ्या पक्षाच्या मते वाद पुढे यरुशलेमात होणारे मंदिर कोणाच्या हद्दीत उभे राहावे याचा होता, आणि तिसऱ्याच्या मते एका स्त्रीचा. ही मते वाऱ्यावरची नव्हेत. वचनात ‘शेत’ या शब्दाचे प्रयोजन काय, असा प्रश्न त्यांच्या मुळाशी आहे: पहिल्या पक्षास शेत म्हणजे जमीनजुमला असे अभिप्रेत असावे, तर दुसरा सियोन शेतासारखे नांगरले जाईल या मीखा संदेष्ट्याच्या भाकिताकडे बोट दाखवितो.

या सर्व सामग्रीतून निवड करणारा पुरुष म्हणजे फ्रान्सातील त्रुआ या नगरीचा राशी (१०४०–११०५). रब्बी श्लोमो यित्झाकी या नावाची ही आद्याक्षरे होत. ज्योतिषाशी त्यांचा संबंध नाही. तारीख नोंदलेल्या मुद्रित हिब्रू पुस्तकांत ज्यास पहिले मानतात ते १४७५ सालचे पुस्तक याच्याच भाष्याचे आहे. काइनाने ठार मारण्यास निमित्त हवे म्हणून कुरापत काढली, एवढेच तो सांगतो. आणखी आख्यायिका आहेत, परंतु वचनाच्या अंगास बसते ते हेच, असा निवाडाही देऊन मोकळा होतो.

त्याची खरी करामत पाहावयाची तर बाविसाव्या अध्यायात. अब्राहामास पुत्राचा बळी देण्याचा हुकूम होतो तो एका नावाने भागण्यासारखा असता चार पदांनी होतो: तुझा पुत्र, तुझा एकुलता, तुझा लाडका, इसहाक. आपल्या मीमांसकांचा लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, तेव्हा तो रात्री जेवत असलाच पाहिजे. त्याच न्यायाने, पदे अधिक आहेत तेव्हा मध्ये कोणी तरी बोलत असलाच पाहिजे. राशी तल्मुद या यहुदी शास्त्रचर्चेच्या ग्रंथाच्या आधाराने तो आवाज परत आणतो. पुत्र म्हणताच अब्राहाम म्हणतो की मला दोन आहेत. एकुलता म्हणताच, हा आपल्या आईचा एकुलता आणि तोही आपल्या आईचा एकुलता. लाडका म्हणताच, माझी माया दोघांवर आहे. तेव्हा कोठे नाव उच्चारले जाते. एकाएकी सांगून बापाचे चित्त भ्रमिष्ट होऊ नये, आणि पदापदाचे पुण्य त्याच्या पदरी पडावे, हा या विलंबाचा हेतू. वचनात दुसऱ्या पुत्राचे, इश्माएलचे, नावही नाही, आणि तरीही, माझ्या मते, या चार पदांत तो बापाच्या शेजारी उभा आहे.

हा अध्याहार सर्वांना रुचला असे नाही. राशीचा नातू श्मुएल बेन मेईर याने आजोबांशी वाद घातला, आणि अवकाश मिळता तर दिवसेंदिवस नव्याने उमगणाऱ्या सरळ अर्थास अनुसरून मी दुसरे भाष्य लिहिले असते, अशी आजोबांची कबुली नोंदवून ठेवली. स्पेनचा इब्न एझ्रा तर काइनाच्या तोंडी मागच्याच वचनांत त्याला देवाकडून मिळालेला ठपका घालतो. बाहेरून तो काहीच आणीत नाही.

कोऱ्या जागा भरण्याची ही मिद्राशाची पद्धती मराठीस अगदीच परकी नाही. मराठी बोलणाऱ्या यहुद्यांसाठी, बेने इस्राएलांसाठी, मराठी भाषांतरासह ‘हग्गादा’ १८४६ साली मुंबईस आणि १८७४ साली येथे पुण्यास छापली गेली, आणि वल्हांडणाच्या रात्री वाचावयाच्या या पोथीचा गाभाच मुळी मिद्राश आहे. देवाने आमची विपत्ती, आमचे कष्ट आणि आमचा छळ पाहिला, या अर्थाच्या वचनातील एकेक शब्द घेऊन ती उलगडा करते: विपत्ती म्हणजे पतिपत्नींचा वियोग, आणि कष्ट म्हणजे मुलगे. पुराव्यादाखल मुलगे नदीत टाकण्याचा मिसरच्या राजाचा, फारोचा, हुकूम पुढे केला जातो; पण कष्ट आणि मुलगे यांचा सांधा कोठे आहे, हे मात्र पोथी सांगत नाही. ज्यांनी मुले वाढविली आहेत ते समोर बसून ऐकत असतात.