वाशिमच्या विहिरीखालची पृथ्वी

वाशिम जिल्ह्यात रिसोड-मालेगावकडे उन्हाळ्यात नव्या विहिरीचे काम चालू असेल, तर काठावरून आत जरूर पाहावे. वर काळी माती, तिच्याखाली कुदळीने फुटणारा मुरूम. मग काळा पाषाण लागतो आणि सुरुंग लावल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. त्याचा ताजा तुकडा हातात घेतला, तर कधी बारीक पोकळ्या दिसतात आणि काही पोकळ्यांत पांढरे स्फटिक. खडक वितळलेला असताना त्यात अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. स्फटिक मागाहून, झिरपत्या पाण्यातून जमले.

हा बेसॉल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा आला. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा सापडतो, म्हणजे मधल्या काळात खडकाची माती होण्याइतकी उसंत मिळाली होती. विहिरीला पाणी लागते ते मुरमातून, पाषाणाच्या फटींतून आणि सच्छिद्र थरातून. अखंड पाषाण कोरडाच. म्हणून कोणता थर किती फुटांवर लागला, याची नोंद गावोगावी व्हायलाच हवी. नुसते बोअर खोल नेण्यापेक्षा ती जास्त उपयोगाची.

पाषाणाखाली काय? किल्लारीला 1993च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी छिद्र घेतले. 338 मीटरवर बेसॉल्ट संपला, थोडा गाळाचा थर लागला आणि मग ग्रॅनाइटच्या जातीचा, कितीतरी जुना खडक.

पृथ्वीच्या पोटात माणसाला फार खोल जाता आलेले नाही. रशियातले कोलाचे छिद्र 12,262 मीटरवर थांबले. पृथ्वीचे केंद्र 6,371 किलोमीटर खोल आहे. पुढचे सांगितले भूकंपाच्या लहरींनी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी 1897च्या आसाम भूकंपाच्या नोंदी तपासून निरनिराळ्या वेगाच्या लहरी ओळखल्या आणि 1906मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचे दाखवले. आज आपल्याला माहीत आहे, की खंडांखाली कवच साधारण 35-40 किलोमीटर जाड असते. त्याखाली सुमारे 2,900 किलोमीटरपर्यंत घन, तप्त प्रावरण आणि मग वितळलेल्या लोखंडाचा बाह्य गाभा. अगदी आतला गाभा डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी 1936 साली शोधला. तो घन आहे.

वाशिमचे नाते प्रावरणाशी. तिथला तप्त खडक वर सरकला, त्यावरचा दाब कमी झाला, तसा त्याचा काही भाग वितळला. तोच लाव्हा होऊन इथे पसरला. कोलाचे छिद्र प्रावरणापर्यंत पोचलेच नाही, पण प्रावरणातून निघालेले द्रव्य इथल्या बांधावर दगड होऊन पडले आहे. कारंजापासून रिसोडपर्यंत सोयाबीन, तूर आणि कपाशी ज्या काळ्या मातीत वाढते, ती माती याच दगडाची झीज होऊन तयार झाली.