काडीकचऱ्यापासून इंधन : प्रयोगशाळेतील बाटली ते कारखान्याची टाकी

(शेती कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



उसाचे पाचट, कपाशीची पऱ्हाटी, भाताचा पेंढा, तुरीची तुऱ्हाटी यांपासून गाडीचे इंधन तयार होते, ही बातमी आता गावोगावी पोचली आहे. तिच्या पाठोपाठ माणसेही येऊ लागली आहेत. कोणी म्हणतो, "शेतातला कचरा आम्हाला द्या." कोणी म्हणतो, "नेपियर गवत लावा, सगळं आम्ही उचलू." काही ठिकाणी नोंदणीसाठी आगाऊ रक्कमही मागितली जाते. मग शेतकरी विचारतो, "साहेब, हे खरं का?"

शास्त्र खरे आहे. काडीपासून इंधन होते, यात शंका नाही. पण प्रयोगशाळेत झाले म्हणजे कारखान्यात झाले असे नव्हे, आणि कारखान्यात झाले म्हणजे शेतकऱ्याला परवडले असेही नव्हे. या तीन पायऱ्या वेगळ्या आहेत. आज त्यांचीच माहिती घेऊ.

मळीची वाट सोपी, काडीची अवघड

इथेनॉल म्हणजे साखर आंबवून केलेला मद्यार्क. साखर कारखान्याच्या मळीत साखर तयारच असते. तिच्यात यीस्ट घातले की आंबण्याची क्रिया सुरू होते, पुढे ऊर्ध्वपातन करून इथेनॉल वेगळे काढतात. एक टन मळीपासून साधारण 220 ते 225 लिटर इथेनॉल मिळते. ही पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे आपल्या देशातील पहिले प्रायोगिक काम 2001 साली तीन ठिकाणी झाले. त्यांपैकी दोन ठिकाणे आपल्या महाराष्ट्रातील : मिरज आणि मनमाड. तेथून सुरुवात होऊन 2025 साली देश वीस टक्के मिश्रणापर्यंत पोचला.

काडीचे तसे नाही. काडीतही साखर आहे, पण ती कुलुपात आहे. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज या रूपांत ती बांधलेली असते, आणि भोवती लिग्निन नावाच्या पदार्थाचा गिलावा असतो. या गिलाव्यामुळेच पऱ्हाटी ताठ उभी राहते आणि लवकर कुजत नाही. कुलूप उघडण्यासाठी काडी बारीक करावी लागते, वाफ आणि आम्ल देऊन शिजवावी लागते, मग विकरे म्हणजे एन्झाइम घालून तिची साखर करावी लागते. मळीची आंबवणी इथे सुरू होते. काडीला मात्र इथपर्यंत येण्यासाठीच निम्मा खर्च होऊन गेलेला असतो.

बाटलीतले टाकीत का साधत नाही?

घरात चार माणसांचा भात कोणीही करते. लग्नात हजार माणसांचा भात करायला आचारी लागतो. चारांचा भात अडीचशे पटींनी वाढवला, तेवढेच पाणी, तेवढाच जाळ वाढवला, म्हणून काम होत नाही. तळाला करपतो आणि वर कच्चा राहतो. कारखान्याचेही असेच आहे.

दुसरे उदाहरण आपल्या खळ्यातले. ओल्या चाऱ्याची एक पेंढी तापत नाही. तिच्यातली उष्णता चहूबाजूंनी निघून जाते. त्याच चाऱ्याची मोठी गंजी रचली तर आतून तापते, कधी पेटतेही. आकार वाढला की आतला भाग वाढतो, पण उष्णता बाहेर पडायची बाजू त्या मानाने वाढत नाही. आंबवणीच्या मोठ्या टाकीत हीच अडचण येते. यीस्ट काम करताना उष्णता निघते, ती काढून घेतली नाही तर यीस्टच मरते. शिवाय लाखो लिटरची टाकी एकसारखी ढवळायची आणि तिच्यात परका जंतू शिरू द्यायचा नाही, हे वेगळेच.

तिसरी गोष्ट माती. प्रयोगशाळेत धुतलेली, वाळवलेली, मोजून घेतलेली काडी वापरतात. शेतातून गाठी येतात त्यांत माती, वाळू, दगड, दोरीचे तुकडे असतात. ही वाळू यंत्राची पाती आणि पंप झिजवते. एक गाठ कोरडी, दुसरी ओली. एक यंदाची, दुसरी पावसात भिजून काळी पडलेली. अशा मालावर यंत्र वर्षभर न थांबता चालवणे हे खरे कठीण काम आहे.

म्हणून समजूतदार माणसे पायरी पायरीने जातात. पुण्याच्या प्राज कंपनीने 2017 साली दौंड तालुक्यात असा लहान प्रात्यक्षिक कारखाना उभारला, वर्षाला दहा लाख लिटरचा. त्यानंतर याच कंपनीचे तंत्र वापरून इंडियन ऑइलचा मोठा कारखाना हरियाणात पानिपत येथे उभा राहिला. 10 ऑगस्ट 2022 रोजी तो राष्ट्राला अर्पण झाला. खर्च 900 कोटी रुपयांच्या वर.

हिशेब करून बघा

पानिपतच्या कारखान्याला वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा लागावा आणि त्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल व्हावे, अशी त्याची रचना आहे. म्हणजे एका टनाला दीडशे लिटर. एकरी दोन टन पेंढा धरला तर एक लाख एकरांचा पेंढा गोळा करायचा.

आता बघा, भात निघाल्यावर गव्हाच्या पेरणीसाठी रान मोकळे करायला शेतकऱ्याला जेमतेम तीन-चार आठवडे मिळतात. पंचवीस दिवस धरले तर रोज आठ हजार टन पेंढा गाठी बांधून उचलायचा. पंचवीस दिवसांत गोळा केलेला माल पुढे वर्षभर पावसापासून आणि आगीपासून सांभाळायचा. पेंढा हलका असतो. ट्रॉली भरलेली दिसते पण वजन भरत नाही. त्यामुळे अंतर वाढले की भाडेच मालाच्या किमतीच्या वर जाते. काडीच्या कारखान्याचे भवितव्य आतल्या यंत्रावर जितके, तितकेच बाहेरच्या रस्त्यावर आणि गोदामावर अवलंबून असते.

परदेशात काय झाले?

अमेरिकेत आयोवा राज्यातील नेवाडा या गावी ड्युपाँट कंपनीने मक्याच्या धाटांपासून इथेनॉल करण्याचा मोठा कारखाना ऑक्टोबर 2015 मध्ये सुरू केला. वर्षाला साडेअकरा कोटी लिटरच्या आसपास क्षमता. तीस मैलांच्या परिसरातील सुमारे पाचशे शेतकरी धाटे पुरवणार होते. दोन वर्षांतच, 2017 मध्ये, कंपनीने या धंद्यातून अंग काढून घेतले. कॅन्सस राज्यातील ह्यूगोटन येथे स्पेनच्या अबेंगोआ कंपनीने 2014 साली असाच कारखाना काढला होता. तो 2015 अखेर बंद पडला.

कंपन्या लहान नव्हत्या, शास्त्रज्ञ कच्चे नव्हते, पैसाही कमी नव्हता. तरीही असे झाले. यातला शेतकऱ्याच्या कामाचा भाग असा, की मक्याचे पीक शेतकऱ्याचे होतेच. धाटे विकणे हे वरचे उत्पन्न होते. कारखाना थांबला तरी शेती थांबली नाही.

नेवाडाचा कारखाना पुढे 2018 साली व्हर्बिओ या जर्मन कंपनीने घेतला आणि तेथे धाटांपासून इथेनॉलऐवजी जैववायू करायला सुरुवात केली. तीच धाटे, तोच परिसर, पण वाट वेगळी. जैववायू म्हणजे मोठ्या प्रमाणावरचा आपला गोबरगॅसच.

मोगली एरंडाचा धडा

आपल्याकडेही असा एक धडा आहे, आणि तो महाग पडलेला आहे. 2003 साली नियोजन मंडळाच्या समितीने मोगली एरंडाच्या, म्हणजे जट्रोफाच्या, तेलापासून डिझेल करण्याची मोठी योजना सुचवली. 2011-12 पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के मिश्रण करण्याचे उद्दिष्ट होते. पडीक जमिनीत, पाण्याशिवाय भरपूर बी येईल, असे सांगितले गेले. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही.

तेलापासून डिझेल होत होते, रसायनशास्त्र बरोबर होते. चुकले ते शेतात. पाण्याशिवाय झाड जगते, पण जगणे वेगळे आणि पिकणे वेगळे. निवडक झाडांच्या उत्पादनावरून एकराचा हिशेब मांडला गेला. सुधारित वाण तयार नव्हते. फळे एकदम पिकत नाहीत, म्हणून वेचणीला पुन्हा पुन्हा मजूर लावावे लागतात. बी विषारी, पेंडही जनावराला चालत नाही. ज्याने यासाठी चांगली जमीन गुंतवली, त्याची वर्षे गेली.

नेपियर गवताबद्दल

ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्र सरकारने दाबलेल्या जैववायूसाठी 'सतत' योजना सुरू केली. पाच हजार प्रकल्पांचे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात उभे राहिलेले प्रकल्प त्या मानाने फार थोडे. नेपियर गवत या कामाला उपयोगी आहे आणि जनावराला चाराही होतो. पण एक लक्षात ठेवा : हिरव्या नेपियरमध्ये शंभर किलोत पाऊणशे किलोच्या वर पाणीच असते. ते चाळीस-पन्नास किलोमीटर नेणे म्हणजे भाडे देऊन पाणी वाहणे होय. प्रकल्प जवळ नसेल तर हे पीक कागदावरच नफ्याचे राहते.

जमिनीचा वाटा जमिनीला

शेतातल्या काडीला आपण कचरा म्हणतो, पण ती कचरा नव्हे. भाताच्या एक टन पेंढ्यात साधारण साडेपाच किलो नत्र, दोन-सव्वादोन किलो स्फुरद आणि पंचवीस किलो पालाश असते. पेंढा विकला म्हणजे हे खत विकले. भाव ठरवताना त्याची किंमत धरा.

जे जाळता, ते विकायला हरकत नाही. जाळण्यापेक्षा विकणे केव्हाही चांगले. पण उसाचे पाचट खोडव्याच्या सरीत ठेवून त्यावर युरिया, सिंगल सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकले, तर पाणी वाचते, तण कमी होते आणि जमिनीचा कस वाढतो. हलक्या व चोपण जमिनीतले पाचट विकू नये, असा माझा सल्ला आहे. कपाशीची पऱ्हाटी मात्र बोंडअळीला आसरा देते. तिचे शेत वेळेवर मोकळे होत असेल आणि दोन पैसे मिळत असतील, तर तो सौदा चांगला.

सौदा करण्यापूर्वी

1. कारखाना चालू आहे की व्हायचा आहे, हे विचारा. चालू असेल तर चारचौघे मिळून स्वतः जाऊन बघा.

2. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र मिळाले आहे का, ते दाखवायला सांगा.

3. माल घेणाऱ्याने पैसे द्यायचे असतात. जो उलट तुमच्याकडेच नोंदणीसाठी पैसे मागतो, त्याला लांबूनच नमस्कार करा.

4. करार मराठीत आणि लेखी असावा. भाव, ओलाव्याची कपात, काट्याची पावती, भाडे कोणाचे, पैसे किती दिवसांत, हे सर्व त्यात हवे. कारखान्याने माल नाकारला तर तो कोणी उचलायचा, हेही लिहून घ्या.

5. जैववायू प्रकल्प असेल तर उरलेली मळी-खत परत मिळण्याची अट घाला. गॅसमध्ये कार्बन जातो. नत्र, स्फुरद, पालाश खतातच राहते.

6. एकट्याने जाऊ नका. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गटामार्फत गेलात तर बेलर भाड्याने आणणे परवडते आणि भावही बोलता येतो.

7. नवीन पीक लावायचे तर पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठ्यांवर लावा. गिऱ्हाईक पळाले तर जो माल जनावराला घालता येईल, तोच निवडा.

बंधूंनो, नव्या गोष्टीला भिऊ नका. मळीचे इथेनॉलही एकेकाळी नवेच होते. पण जो शास्त्रज्ञ बाटलीतून थेट मोठ्या टाकीत उडी मारत नाही, आधी लहान टाकी करून बघतो, त्याचीच पद्धत आपणही शेतात वापरावी. आधी गुंठा, मग एकर. आणि हातचे पीक सोडून पळत्याच्या मागे कधीही जाऊ नये.

आपल्या भागात असा प्रकल्प आला असेल, तर सही करण्याआधी कराराचा कागद घेऊन तालुका कृषी कार्यालयात या. आपण तो एकत्र बसून वाचू.