‘उम्माह’मधला तिसरा



संयोजकांनी मला ‘करिअर’वर बोला म्हणून सांगितलं. त्यांच्या डोक्यात बहुतेक रेझ्युमे आणि मुलाखतीची तयारी असावी. मी मात्र एका रॅपरबद्दल बोलणार आहे. संगीत जायज की नाजायज, हा वाद चहाच्या सुट्टीत घालू. मीही हिरीरीने घालेन.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. होस्टेलमधल्या एका मित्राने ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या न्यूयॉर्कच्या गटाचा १९९६ सालचा अल्बम ऐकवला. नेटवर माहिती शोधली, तर निर्माते म्हणून नाव होतं ‘द उम्माह’. मी चमकलोच. जुम्म्याच्या खुतब्यात ऐकलेला शब्द इथे कसा? उलगडा असा झाला की हे तिघांचं मंडळ होतं. त्यातला अली शहीद मुहम्मद मुस्लिम, क्यू-टिपने नव्वदच्या दशकाच्या मध्यात इस्लाम स्वीकारलेला. तिसरा डेट्रॉइटचा, चर्चला जाणाऱ्या घरातला. जेम्स डेविट यान्सी. तेव्हा त्याला ‘जे डी’ म्हणत, पुढे तो ‘जे डिला’ झाला. आजचं बोलणं या तिसऱ्याबद्दल आहे.

जन्म ७ फेब्रुवारी १९७४. वडील बास गिटार वाजवणारे, आई गाणारी. घरच्यांनी त्याला विमानांचं तंत्रज्ञान शिकवणाऱ्या शाळेत घातलं. (आपल्याकडेच असं होतं असं नाही!) त्याचं मन तिथे रमलं नाही. शाळा बदलली, आणि नव्या शाळेतल्या दोस्तांबरोबर पुढे ‘स्लम व्हिलेज’ हा गट उभा राहिला. त्याच भागात अँप फिडलर नावाचा कीबोर्डवादक राहायचा. त्याच्या घरी एक एमपीसी होतं आणि मोहल्ल्यातल्या पोरांना दार उघडं होतं. पोरगा तिथेच ते यंत्र शिकला. पुढे १९९४मध्ये एका दौऱ्यावर फिडलर आणि ‘ट्राइब’ एकत्र आले, तेव्हा फिडलरनेच त्याची क्यू-टिपशी गाठ घालून दिली. वशिला नव्हे, ओळख. दोन्हींत फरक आहे.

एमपीसी म्हणजे काय, तर सोळा रबरी बटणांचा डबा. जुन्या तबकडीतला आवाजाचा तुकडा एकेका बटणावर बसवायचा आणि बोटांनी वाजवायचा. हिप-हॉपचा निर्माता हेच करतो. रॅपर ज्यावर बोलतो ती ‘बीट’ तो बांधतो. या डब्यात एक सोय असते, क्वांटाइझ. तुमचं बोट थोडं आधी किंवा उशिरा पडलं, तर यंत्र तो ठोका उचलून जवळच्या बरोबर घरात ठेवतं. शुद्धलेखन तपासणीसारखं. डिलाच्या यंत्रात एका मात्रेचे ९६ भाग होते. मिनिटाला ९० मात्रांची लय धरा, म्हणजे एक भाग झाला साधारण ७ मिलिसेकंदांचा. इतक्या बारीक जागेत या माणसाने आपलं घर बांधलं.

सगळीकडे सांगतात की त्याने क्वांटाइझ बंद केलं आणि मनाला येईल तसं वाजवलं. मला हे पटत नाही, आणि ज्यांनी त्याचं काम बारकाईने तपासलं तेही असं म्हणत नाहीत. तो काही ठोके सरळ घरात ठेवायचा, काही झुलत्या चालीत, आणि एखादा मुद्दाम किंचित आधी किंवा मागे सरकवायचा. दोन चाली एकाच वेळी, एकमेकींना ढकलत. ऐकताना वाटतं की पडतंय, पडतंय, आणि पडत नाही. ‘द रूट्स’चा ड्रमर क्वेस्टलव्हने पहिल्यांदा ते ऐकलं, तेव्हा त्याला वाटलं की हा ड्रम झिंगलेलं लहान मूल वाजवतंय. पुढे अशी ‘चूक’ हाताने वाजवता यावी म्हणून त्याने स्वतः मेहनत घेतली. यंत्र माणसाला दुरुस्त करायचं. इथे माणसं यंत्रावरच्या एका माणसाकडून शिकू लागली.

आता ‘उम्माह’कडे परत येतो. नाव सुंदर, सगळ्यांचं मिळून एक. पण सगळ्यांचं एक नाव झालं की बाहेरच्यांना ओळखीचाच चेहरा दिसतो, आणि तो क्यू-टिपचा होता. डेट्रॉइटच्या तळघरात बसणारा कोणाला माहीत? जेनेट जॅक्सनच्या १९९७च्या एका गाण्यावर त्याचा हात आहे असं अनेकजण मानतात. श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही, आणि ज्यांचं आहे त्यांना हे मान्य नाही. तो वाद मिटलेला नाही. माझ्या पहिल्या नोकरीत मी चार महिने लिहिलेलं मॉड्यूल ‘टीमचं काम’ म्हणून सादर झालं, तेव्हा मला हाच आठवला. क्यू-टिपला खलनायक करू नका, त्यानेच दार उघडलं होतं. उपकार आणि अन्याय कधीकधी एकाच पाकिटात येतात. मग पाकीट परतही करता येत नाही.

२०००मध्ये कॉमन आणि एरिका बाडू यांच्यासाठी त्याने केलेली गाणी ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत गेली. २००१मध्ये ‘वेलकम टू डेट्रॉइट’ हा अल्बम स्वतःच्या नावावर आला. मग एका मोठ्या कंपनीशी करार झाला, आणि इथे गंमत बघा. सगळे ज्याच्या बीटसाठी रांग लावून होते, त्याला स्वतःला रॅप करायचं होतं, तेही बऱ्याचदा इतरांच्या बीटवर. कंपनीने तो अल्बम फडताळात टाकला. तो २०१६मध्ये बाहेर आला. ऐकायला डिला नव्हता.

रक्ताचा दुर्मीळ आजार, पाठोपाठ ल्युपस. २००५च्या अखेरीस त्याने युरोपचा दौरा व्हीलचेअरवर बसून केला. ‘डोनट्स’ हा ३१ तुकड्यांचा, जवळजवळ बिनशब्दांचा अल्बम ७ फेब्रुवारी २००६ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी आला. तीन दिवसांनी तो गेला. सगळं रुग्णालयाच्या खाटेवर बनलं, ही दंतकथा फुगवलेली आहे. बरंचसं काम आधीच झालं होतं. पण आई खाटेशी बसून त्याच्या सुजलेल्या बोटांना मालिश करायची, हे तिनेच सांगितलंय.

मागे उरलं कराचं कर्ज आणि वारशाचं भांडण. मुलाचं नाव वापरण्यावरूनही त्या बाईला झगडावं लागलं. त्याचं एमपीसी तिने वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिलं. ते आता तिथे आहे.

आता स्पीकर लावतो. १९९५चं, ‘द फारसाइड’चं ‘रनिन’. बीट याचीच. सुरुवातीपासून टाळ्या द्या, आणि आपली टाळी त्याच्या ड्रमच्या आधी पडते की नंतर, ते बघा.